मोबाईलमागचे पेटंट खटले: वकिलाचं काम कुठे सरकलं आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर आहेत. पुण्यात काही वर्षं टेलिकॉम सॉफ्टवेअरमध्ये काम केलं आहे आणि आता एलएलबी करून पेटंट खटल्यांकडे वळावं असं त्यांच्या मनात आहे. पण मोठ्या टेक कंपन्यांचे पेटंट खटले म्हणजे निव्वळ पैशांची लढाई, त्यात वकिलाला करण्यासारखं फारसं उरलेलं नाही आणि जे उरलं आहे ते एआय करून टाकेल, असं त्यांना आजूबाजूचे सांगतात. यात तथ्य किती, असं त्यांनी विचारलं आहे.

मी याच कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पैशांची लढाई आहे हे खरं आहे. वकिलाला काम उरलेलं नाही हे मात्र साफ चुकीचं. काम कमी झालेलं नाही, ते जागेवरून हललं आहे. पूर्वी पेटंटचा दावा म्हटलं की शेवटचा युक्तिवाद डोळ्यांसमोर यायचा: पेटंट वैध आहे का, उल्लंघन झालं का, मनाई हुकूम मिळतो का. आज तंत्रज्ञान कंपन्यांच्या बहुतेक दाव्यांचा निकाल त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. खरी लढाई पहिल्या काही महिन्यांत होते, तीही प्रतिवादीने कोर्टात किती रक्कम भरायची आणि ती कोणत्या करारांवरून मोजायची यावर. हे मोजण्यासाठी तांत्रिक कागद आणि हिशोबाचा कागद, दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो.

आधी आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००२ मध्ये छोट्या फोर स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला, आणि २००५ मध्ये ते मंजूर झालं. डीटीएस-आय या नावाने पल्सरवर मिरवलेलं हेच ते तंत्र. क्लेममध्ये, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितला आहे ते लिहिलेल्या भागात, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४५ ते ७० मिलिमीटर असा दिला होता, म्हणजे प्रश्न आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या नेहमीच्या मोटरसायकलींचा होता. २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही गाडी जाहीर केली आणि दोघे मद्रास उच्च न्यायालयात समोरासमोर आले. दोन प्लग पूर्वीपासून माहीत आहेत आणि आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, असं टीव्हीएसचं म्हणणं. छोट्या बोअरमध्ये दोन प्लगने ज्वलन सुधारतं हाच शोध आहे, व्हॉल्व्ह किती याने फरक पडत नाही, असं बजाजचं.

फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सप्टेंबर २००९ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकू दिली, विक्रीचा चोख हिशोब ठेवायला सांगितलं, आणि बौद्धिक संपदेचे दावे वर्षानुवर्षं अंतरिम अर्जांवरच रेंगाळतात याबद्दल नाराजी व्यक्त करून मूळ दावा रोजच्या रोज चालवून ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढायला सांगितला. हे सांगणारं सर्वोच्च न्यायालय होतं, तरी दोन्ही कंपन्यांमधला वाद मिटायला २०१९ साल उजाडलं, आणि मिटला तोही आपसांतल्या तडजोडीने. म्हणजे ज्या तंत्रावर भांडण होतं ते बाजारात जुनं होऊन गेलं तरी ते पेटंट वैध होतं की नाही याचं अंतिम उत्तर कोर्टाकडून आलं नाही. आजच्या पद्धतीतले बहुतेक बदल या एका दुखण्यावरचे उपाय म्हणून आले आहेत. बजाजचं प्रकरण नीट वाचलंत, तर पुढचं सगळं आपोआप लागत जाईल.

आता तुमच्या क्षेत्राकडे येतो. मोबाईल नेटवर्कला बोलायचं तर प्रत्येक फोनने ठरलेलं मानक पाळावंच लागतं. ते मानक पाळताना ज्या पेटंटला वळसा घालून जाताच येत नाही, त्याला आमच्याकडे एसईपी म्हणतात, म्हणजे मानकासाठी अत्यावश्यक पेटंट. असं पेटंट हातात असणारा सगळ्या उद्योगाला वेठीस धरू शकतो. म्हणून मानक ठरवणाऱ्या संस्था त्याच्याकडून आधीच कबुली घेतात, की परवाना रास्त, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर देईन. याला आम्ही फ्रँड म्हणतो. सगळं भांडण ‘वाजवी’ म्हणजे किती रुपये, यावर आहे.

भारतात याला तोंड फुटलं मार्च २०१३ मध्ये. एरिक्सनने दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्सवर दावा लावला. आठ पेटंटं, एएमआर म्हणजे आवाजाचं कोडिंग, थ्रीजी आणि एज या तंत्रांची, आणि मागणी १०० कोटींच्या नुकसानभरपाईची. पहिल्याच तारखेला एकतर्फी अंतरिम आदेश झाला. लगोलग इंटेक्स, लावा, शाओमी अशी रांग लागली. मायक्रोमॅक्स आणि इंटेक्स स्पर्धा आयोगाकडे गेल्या. आयोगाने चौकशी लावली. तो वाद दहा वर्षं चालला, आणि जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने असा निकाल दिला की पेटंटधारक आपल्या हक्काचा वापर कसा करतो हा पेटंट कायद्याचा विषय आहे, आयोगाला त्यात शिरता येणार नाही.

शाओमीचं प्रकरण इथे जरा जवळून पाहा, कारण नव्या पद्धतीची चुणूक त्यात दिसते. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीच्या फोनविक्रीवर एकतर्फी बंदी आली. काही दिवसांतच खंडपीठाने क्वालकॉमच्या चिपवर चालणारे फोन विकायला परवानगी दिली. अट एकच, दर फोनमागे १०० रुपये कोर्टात जमा करा. बंदीही नाही, मोकळीकही नाही, मधे एक आकडा. आज दहापैकी बहुतेक प्रकरणांत आम्ही असल्या आकड्यावरच बोलत असतो.

तो आकडा कशावर धरायचा, हा पुढचा प्रश्न. समजा फोन १०,००० रुपयांचा आहे आणि आतली चिप १,००० रुपयांची. रॉयल्टी एक टक्का. फोनच्या किमतीवर धरली तर १०० रुपये, चिपवर धरली तर १० रुपये. पेटंटधारक म्हणतो, माझ्या तंत्राचा फायदा अख्ख्या फोनला होतो, आणि जगभर परवाने फोनच्या किमतीवरच दिले गेले आहेत. फोन बनवणारा म्हणतो, कॅमेरा आणि स्क्रीन मी बसवली, त्यावर तुला टक्का कशाला? भारतीय न्यायालयं आतापर्यंत मुख्यतः फोनच्या विक्रीकिमतीच्या बाजूने गेली आहेत. स्वस्त फोन विकणाऱ्या, दोन-चार टक्क्यांच्या नफ्यावर जगणाऱ्या देशी कंपनीसाठी हा फरक जगण्यामरण्याचा असतो. माझ्या मते चिपच्या बाजूचा युक्तिवाद आपल्याकडे अजून पुरेशा तयारीने मांडला गेलेला नाही. आकडेवारीशिवाय, केवळ तत्त्व म्हणून तो मांडला जातो आणि समोरच्याच्या शंभर परवान्यांच्या गठ्ठ्यापुढे तो टिकत नाही.

आता तुम्ही या कामात आलात तर पहिल्या दिवशी काय कराल ते सांगतो. तुमच्यासमोर क्लेम चार्ट येईल. दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे पेटंटचा क्लेम तुकडे तुकडे करून लिहिलेला. उजवीकडे त्या प्रत्येक तुकड्यासमोर मानकातला नेमका उतारा, उदाहरणार्थ एएमआर असेल तर मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या २६.०९० या दस्तऐवजातला अमुक परिच्छेद. डावीकडच्या प्रत्येक तुकड्याला उजवीकडे जोड सापडली तर उल्लंघन प्रथमदर्शनी दिसतं. एका जरी तुकड्याची जोड ताणून बसवलेली असेल तर प्रतिवादीला तिथे पाय रोवता येतात. मानकात काही गोष्टी अनिवार्य असतात, काही ऐच्छिक. उजव्या रकान्यातला उतारा ऐच्छिक भागातला निघाला, तर ते पेटंट अत्यावश्यक आहे हेच कोसळतं, कारण तो भाग वगळूनही फोन मानक पाळू शकतो. मी अशी सुनावणी पाहिली आहे जिथे समोरच्या तज्ज्ञ साक्षीदाराने सगळा तक्ता आत्मविश्वासाने वाचून दाखवला होता आणि उलटतपासणीत चौथ्या ओळीतला उतारा बेस स्टेशनच्या, म्हणजे टॉवरकडच्या यंत्रणेच्या, वागण्याबद्दलचा आहे, फोनच्या नव्हे, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं गेलं. त्यानंतर तडजोडीच्या आकड्यात जो फरक पडला, तो कुठल्याही वक्तृत्वाने पडला नसता. ती ओळ शोधली होती आमच्या चमूतल्या एका तरुण इंजिनीअरने, ज्याने आधी प्रोटोकॉल टेस्टिंग केलं होतं. तुमच्यासारख्या माणसाची जागा कुठे आहे असं विचारता, तर ती अशा ओळींजवळ आहे.

नोकिया विरुद्ध ओप्पो हे प्रकरण तर या कामाच्या विद्यार्थ्याने पाठच करावं. दोघांत २०१८ मध्ये तीन वर्षांचा परवाना करार झाला होता. २०२१ मध्ये तो संपला, फोनची विक्री चालू राहिली, रॉयल्टी थांबली. नोकियाने अनेक देशांत दावे लावले. जर्मनीत निकाल विरुद्ध गेल्यावर ओप्पोने २०२२ मध्ये तिथली विक्री थांबवली. दिल्लीत नोकियाने मागितलं ते एवढंच की निकाल लागेपर्यंत काही रक्कम जमा करायला लावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकल न्यायमूर्तींनी नकार दिला: आधी पेटंट वैध आहे, अत्यावश्यक आहे, उल्लंघन झालं आहे हे प्रथमदर्शनी तरी ठरू द्या. जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवला. एकदा परवाना घेऊन पैसे दिले आहेत आणि अजूनही विक्री चालू आहे, तर तात्पुरती अनामत मागायला गुणदोषांची एवढी छाननी लागत नाही, अशी भूमिका घेतली. आणि जुन्या करारात शेवटी जी रक्कम दिली होती तिच्या २३ टक्के रक्कम भरायला सांगितली, कारण ओप्पोच्या एकूण विक्रीत भारताचा वाटा तेवढा होता. जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी जगभरचे सगळे दावे मागे घेऊन नवा करार केला.

त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, इंटेक्स आणि एरिक्सनच्या अपिलात दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं होतं की परवान्याची बोलणी चालू असताना फोन बनवणाऱ्यानेही सुरक्षा रक्कम द्यायला हवी. फ्रँडची कबुली पेटंटधारकाने दिली म्हणजे समोरच्यावर कसलंच बंधन नाही असं नव्हे. हे दोन निकाल एकत्र वाचलेत की लक्षात येईल, भारतात एसईपीच्या दाव्यात पहिला मोठा सामना अनामतीचा असतो, आणि तो हरलात तर तडजोडीच्या टेबलावर तुमचा हात आधीच खाली गेलेला असतो.

या अनामतीमागचे कागद कोण पाहतो, याबद्दल मला जरा कळकळीने बोलायचं आहे. तुलना करायची तर पेटंटधारकाने इतर कंपन्यांशी केलेले परवाने पाहावे लागतात. ते गोपनीय असतात. म्हणून कोर्ट गोपनीयता मंडळ नेमतं, आम्ही त्याला कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी क्लब म्हणतो. ठरावीक वकील आणि तज्ज्ञ आत, बाकी सगळे बाहेर. कधी कधी तर वादीचा आग्रह असतो की प्रतिवादी कंपनीचा स्वतःचा माणूसही आत नको, फक्त बाहेरचे वकील. ज्याने पैसे भरायचे त्यालाच ते कशावरून मोजले हे पाहता येऊ नये, हे मला कधीच पटलेलं नाही. इंटरडिजिटल आणि शाओमीच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असला कडक पडदा घालू दिला नाही, ते योग्यच झालं. तरीही एकूण परिणाम असा की दर ठरवण्याची सगळी विद्या मोजक्या कार्यालयांत साठत जाते. निकालपत्रांत महत्त्वाचे आकडे काळे केलेले असतात. पुण्या-नाशिकची एखादी छोटी कंपनी पहिल्यांदा परवान्याच्या बोलणीला बसते तेव्हा वाजवी दर काय हे तिला कुठूनही कळत नाही, आणि समोरच्याला सगळं माहीत असतं. कायदा असा अंधारात वाढू नये. आकडे नाही तर निदान मोजण्याची पद्धत तरी निकालांत उघडपणे लिहिली गेली पाहिजे.

म्हणूनच लावा विरुद्ध एरिक्सनच्या २८ मार्च २०२४ च्या निकालाचं महत्त्व मला फार वाटतं. इथे दावा पूर्ण चालला, साक्षीपुरावे झाले, आणि न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी आठपैकी एक पेटंट अवैध ठरवून बाकीच्यांसाठी लावाने सुमारे २४४ कोटी रुपये द्यावेत असा निर्णय दिला. रॉयल्टीचा दर धरला विक्रीकिमतीच्या १.०५ टक्के. निकाल प्रचंड लांब आहे, पण तो वाचलात तर क्लेम कसा वाचायचा, अत्यावश्यकता कशी सिद्ध करायची, एएमआरचं पेटंट म्हणजे निव्वळ अल्गोरिदम आहे या आक्षेपाला काय उत्तर आहे, आणि तुलनेचे परवाने कसे तपासायचे, हे सगळं एकाच जागी सापडतं. दुसरी बाजूही बघा: वाद कोर्टात आला २०१४-१५ मध्ये, निकाल आला २०२४ मध्ये. तोवर पेटंटांची वीस वर्षांची मुदत संपून गेली होती. मनाई हुकमाचा प्रश्नच उरला नव्हता, उरले होते फक्त पैसे.

अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या लढाईबद्दल एकच प्रसंग सांगतो. शाओमीने २०२० मध्ये चीनमधल्या वुहानच्या न्यायालयात जाऊन इंटरडिजिटलच्या पेटंटांचा जागतिक दर ठरवून मागितला. इंटरडिजिटलने दिल्लीत उल्लंघनाचा दावा लावला. वुहानने इंटरडिजिटलला हुकूम दिला की दिल्लीतला दावा पुढे चालवू नका, नाहीतर रोज दंड. दिल्ली उच्च न्यायालयाने उलट हुकूम दिला, आणि मे २०२१ मध्ये न्यायमूर्ती हरी शंकर यांनी तो कायम करताना वुहानमध्ये इंटरडिजिटलला दंड झालाच तर तेवढी रक्कम शाओमीने भरावी असंही बजावलं. भारतीय पेटंटाचं उल्लंघन भारतात झालं असेल तर दाद भारतीय न्यायालयात मागता आलीच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. काही महिन्यांतच दोघांनी तडजोड केली. असं प्रकरण हाती आलं की दिल्लीचा वकील एकटा काहीच ठरवू शकत नाही. म्युनिक, लंडन, वुहान इथल्या वकिलांशी रोज बोलावं लागतं, कारण एका कोर्टात लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचलं जातं.

अमेरिकेबद्दल सगळे विचारतात, तिथलं चित्र वेगळं आहे. तिथे ज्युरी आहे, यशावर फी घेणारे वकील आहेत, आणि स्वतः काहीही न बनवता पेटंटवर दावे लावणाऱ्या कंपन्या आहेत. २००६ मध्ये ब्लॅकबेरीच्या कंपनीने एनटीपी नावाच्या अशाच एका पेटंटधारक कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर देऊन सुटका करून घेतली. त्याच वर्षी ईबेच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही असं ठरवलं, आणि पारडं बरंच फिरलं. अ‍ॅपल-सॅमसंगची लढाई २०११ ते २०१८ चालली, ज्युरीने पहिल्यांदा १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली होती, आणि शेवट झाला तडजोडीतच. यातलं तुमच्या उपयोगाचं ते असं की अमेरिकी खटल्यांसाठी पूर्वज्ञानाचा (ते तंत्र आधीच माहीत होतं हे दाखवणाऱ्या कागदांचा) शोध घेणं आणि क्लेम चार्टचे कच्चे मसुदे करणं हे काम भारतातल्या इंजिनीअरांनी वर्षानुवर्षं केलं आहे, पुण्यातही केलं आहे. अनेक चांगले पेटंट वकील तिथूनच पुढे आले.

न्यायालयांनी स्वतःत काय बदल केले ते आता भराभर सांगतो. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, म्हणजे कैफियतीला, जास्तीत जास्त १२० दिवसांची हद्द घातली. नंतर दार बंद. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झालं, त्याचं काम उच्च न्यायालयांकडे आलं, आणि जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या विषयासाठी वेगळा विभाग उभा केला. २०२२ मध्ये तिथे खास पेटंट दाव्यांचे नियम आले. हे नियम तुम्ही आजच वाचा. दाव्याबरोबर क्लेमचा अर्थ, उल्लंघनाची मांडणी, अवैधतेची मांडणी असे वेगवेगळे छोटे कागद मागितले जातात, आणि न्यायमूर्तींना तंत्र समजावं म्हणून त्याची सोपी ओळख करून देणारी तांत्रिक प्रवेशिकाही द्यावी लागू शकते. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकाच वेळी बसवून, एकमेकांसमोर प्रश्नोत्तरं करून घेण्याची सोयही दिल्लीच्या नियमांत आहे. मला ही पद्धत फार आवडते. वेगवेगळ्या दिवशी साक्ष झाली की तज्ज्ञ आपल्या पक्षकाराचं बोलतो. समोर त्याच विषयातला तोडीचा माणूस बसला की तो विज्ञानाचं बोलायला लागतो.

एआयबद्दल मी तुमची समजूत घालण्यासाठी काही गोड लिहिणार नाही. पूर्वज्ञानाचा पहिला शोध, हजारो पानांतून नेमकी कागदपत्रं वेगळी काढणं, चार्टचा कच्चा मसुदा, ही कामं यंत्र वेगाने करतं आणि ती करण्यासाठी तरुण वकिलांना मिळणारे तास कमी होत आहेत. शिकण्याची पहिली पायरीच आखूड होते आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. पण पुढचं काम यंत्राकडून होत नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये माटा विरुद्ध एव्हिआंका प्रकरणात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्याच वर्षी ख्रिश्चन लुबुटँच्या बुटांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी स्पष्ट केलं की अशा साधनाचं उत्तर न्यायनिर्णयाचा आधार होऊ शकत नाही, फार तर प्राथमिक समजुतीसाठी ते वापरता येईल. आमच्या कामात याहून मोठा धोका वेगळाच आहे. गोपनीयता मंडळातला परवाना करार कुणी घाईत सार्वजनिक एआय साधनात टाकून सारांश मागितला, तर तो कोर्टाच्या आदेशाचा भंग ठरू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी कामाच्या आधी ही गोष्ट सांगतो.

फीबद्दल. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. त्यामुळे खिसा खोल असलेलाच लढतो. तिसऱ्याने खर्च करून खटला चालवायला मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात मज्जाव नसल्याचं नमूद केलं आहे. महाराष्ट्राने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीत तर असा अर्थपुरवठा करणारा गृहीतच धरला आहे आणि त्याच्याकडून खर्चाची हमी मागण्याची सोय ठेवली आहे. पुण्यातला एखादा संशोधक किंवा छोटी कंपनी मोठ्या कंपनीविरुद्ध उभी राहायची असेल, तर हा रस्ता रुंद व्हायला हवा. आज तो जवळजवळ मोकळाच पडून आहे.

आता तुमचं स्वतःचं. विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी असल्याने पेटंट एजंटची, म्हणजे पेटंट कार्यालयात इतरांचे अर्ज चालवणाऱ्याची, परीक्षा तुम्ही एलएलबी आधीही देऊ शकता, आणि द्याच. मसुदे लिहायला लागलात की क्लेम कुठे फुटतो ते हाताला कळतं. त्यासाठी पेटंट कायद्याच्या कलम ३ च्या उपकलम ‘के’वर जास्त वेळ घालवा, कारण तुमच्या क्षेत्रात निम्मी भांडणं तिथे होतात. संगणक प्रोग्रॅम निव्वळ प्रोग्रॅम म्हणून पेटंटयोग्य नाही, पण त्याने तांत्रिक परिणाम साधला तर वाट मोकळी होऊ शकते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या फरीद अल्लानी निकालापासून सांगितलं आहे. कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र वकिलीची सनद हवीच. एजंट असणं तिथे पुरत नाही. एलएलबी पूर्ण वेळ करा, नोकरी सांभाळून केलेली हजेरी पुढे अडचणीची ठरते.

गाव कोणतं, हेही विचारात घ्या. पेटंटचा दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, पण प्रतिवादीने पेटंट रद्द करा असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, म्हणजे मुंबईला. मुंबईत औषधं आणि रसायनांचं काम भक्कम आहे. एसईपीचे दावे मात्र अजून बहुतांशी दिल्लीत आहेत. निदान सुरुवातीची दोन-तीन वर्षं दिल्लीत काढायची तयारी ठेवा. पुण्यात राहूनच काम करायचं असेल तर कंपन्यांच्या आतल्या पेटंट विभागांत आणि शोधकार्य करणाऱ्या कार्यालयांत चांगली संधी आहे, फक्त कोर्टाचा अनुभव तिथे येत नाही हे माहीत असू द्या.

प्रवेश घेण्याआधी एक काम करून पाहा. लावाच्या निकालातलं एएमआरचं कुठलंही एक पेटंट निवडा, त्याचा पहिला क्लेम कागदावर तुकडे करून लिहा, थ्रीजीपीपीचं मानक फुकट मिळतं ते उतरवून घ्या, आणि समोरचा रकाना स्वतः भरा. मग निकालातल्या विश्लेषणाशी ताडून बघा. दोन-तीन आठवडे लागतील. ते करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही तर अर्ज भरा. चौथ्या ओळीलाच कंटाळा आला, तर तुमची सध्याची नोकरी चांगली आहे, ती सोडू नका.